एक संघटना, दोन नावे : यूडीए, यूएफएफ आणि जवळपास १९ वर्षे लांबलेली बंदी

उत्तर आयर्लंडमध्ये नोव्हेंबर १९७३ ते ऑगस्ट १९९२ या काळात एकाच संघटनेचे एक नाव बेकायदा होते आणि दुसरे कायदेशीर. ‘अल्स्टर फ्रीडम फायटर्स’ (यूएफएफ) या नावाने माणसे मारली जात आणि त्या नावावर बंदी होती. ‘अल्स्टर डिफेन्स असोसिएशन’ (यूडीए) या नावाने कार्यालय चालत असे, मासिक निघत असे, पत्रकार परिषदा होत असत आणि त्या नावावर बंदी नव्हती. माणसे तीच, हत्यारे तीच, हुकूम देणारे तेच. ही स्थिती कशी निर्माण झाली, ती इतकी वर्षे का टिकली आणि मोडली तेव्हा नेमके काय बदलले, याची ही मांडणी आहे. मृतांची आणि खालच्या फळीतल्या माणसांची नावे दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

१९६९ च्या प्रोटेस्टंट-कॅथलिक दंगलींनंतर बेलफास्टच्या प्रोटेस्टंट वस्त्यांत गल्लोगल्ली पहारा देणारे गट उभे राहिले. सप्टेंबर १९७१ मध्ये हे गट एकत्र येऊन यूडीए झाली. १९७२ मध्ये तिचा जोर सर्वाधिक होता. तेव्हा सदस्यसंख्या ४०,००० च्या घरात असल्याचे सांगितले जाई. तोंडाला फडकी बांधलेले, लष्करी थाटाची जाकिटे घातलेले तिचे लोक उघडपणे रस्त्यावरून संचलन करत. रचना विभागवार होती. पुढे सहा ब्रिगेड स्थिरावल्या : उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम बेलफास्ट, दक्षिण-पूर्व अँट्रिम, आणि लंडनडेरी-उत्तर अँट्रिम. या ब्रिगेडप्रमुखांचे मंडळ सर्वात वर असे.

ब्रिटनशी जोडलेले राहावे म्हणून शस्त्र उचलणाऱ्या, मुख्यतः प्रोटेस्टंट लॉयलिस्टांची दुसरी मोठी संघटना, अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स (यूव्हीएफ), १९६६ पासूनच बंदीखाली होती. आयर्लंड एक करू पाहणाऱ्या, मुख्यतः कॅथलिक रिपब्लिकनांच्या आयरिश रिपब्लिकन आर्मीवरची (आयआरए) बंदी तर त्याहून जुनी. यूडीए मात्र वस्त्यांचे रक्षण करणारी संस्था म्हणून जन्मली आणि त्या ओळखीवरच कायद्याच्या कक्षेत राहिली. तिच्या सदस्यांनी १९७२ पासूनच कॅथलिक नागरिकांच्या हत्या सुरू केल्या होत्या, पण त्यांची जबाबदारी कोणी घेत नसे.

जून १९७३ मध्ये हे बदलले. कॅथलिकांच्या बाजूचा एक राजकारणी आणि त्याच्या सोबत असलेली स्त्री यांची हत्या झाली आणि ती यूएफएफ या नव्या नावाने स्वीकारण्यात आली. ब्रिटिश सरकारचे उत्तर आयर्लंडविषयक मंत्री विल्यम व्हाइटलॉ यांच्या काळात, नोव्हेंबर १९७३ मध्ये, यूएफएफ आणि रेड हँड कमांडो (आणखी एक लॉयलिस्ट गट) या दोन नावांवर बंदी आली. यूडीएला हात लागला नाही.

दुसरे नाव काम कसे करत होते

यूएफएफची वेगळी सदस्यनोंद, वेगळा खजिना किंवा वेगळे कार्यालय नव्हते. हल्ला झाला की एखाद्या बातमीदाराच्या कचेरीत दूरध्वनी येई किंवा निवेदन पोचे. त्यात यूएफएफचे नाव असे. बऱ्याच निवेदनांखाली ‘कॅप्टन ब्लॅक’ ही ठरलेली सही असे. दूरध्वनी खरा की कोणा खोडसाळाचा, हे ओळखता यावे म्हणून सशस्त्र संघटना आधीपासून माहीत असलेला परवलीचा शब्द वापरत. बातमीदार तो शब्द पोलिसांना कळवत आणि पोलीस दाव्याला कितपत वजन द्यायचे ते ठरवत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. या नावाने फसवणूक करायची गरजच नव्हती. बेलफास्टमध्ये यूएफएफ म्हणजे यूडीए हे पोलीस, पत्रकार, मंत्रालय आणि ज्यांच्या दारात गोळ्या झाडल्या गेल्या ते लोक, सगळ्यांना माहीत होते. तरीही नाव कामाला येत होते, कारण त्यामुळे प्रत्येकाला निर्णय न घेण्याची सवलत मिळत होती.

पहिला उपयोग कायद्याचा. बंदी घातलेल्या संघटनेचे सदस्य असणे हा स्वतंत्र गुन्हा होता. पण ज्या नावाखाली सदस्य नोंदलेलाच नाही, त्या नावाचे सदस्यत्व सिद्ध कसे करायचे? यूडीएचे ओळखपत्र खिशात असणे गुन्हा नव्हता. म्हणून सरकारी पक्षाला प्रत्येक वेळी हत्येचा, हत्यार बाळगण्याचा किंवा कटाचा पुरावा उभा करावा लागे.

दुसरा उपयोग राजकीय. यूडीएचे पुढारी घटनात्मक तोडग्यांवर पुस्तिका काढू शकत होते, दूरचित्रवाणीवर बोलू शकत होते. हत्येबद्दल विचारले की ‘तो प्रश्न यूएफएफला विचारा’ असे म्हणायची सोय होती.

तिसरा उपयोग संघटनेच्या आत होता आणि त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हजारो लोक गल्लीच्या पहाऱ्यासाठी, क्लबसाठी, शेजारच्या दबावाखाली यूडीएत आले होते. मारेकऱ्यांची संख्या त्या मानाने फार लहान. दोन नावे असल्याने त्या हजारोंना स्वतःला मारेकऱ्यांपासून वेगळे समजता येत होते.

चुकीचा माणूस मारला गेला, किंवा हल्ला इतका किळसवाणा होता की आपल्याच वस्तीत संताप उसळेल, तर कोणत्याच नावाने दावा होत नसे. त्यामुळे दाव्यांची यादी म्हणजे कृत्यांची यादी नव्हे. संशोधनात सर्वाधिक घसरगुंडी इथेच होते.

हे तंत्र एकाच बाजूचे नव्हते. ५ जानेवारी १९७६ रोजी दक्षिण आर्मा भागात किंग्जमिल इथे कापड गिरणीतून घरी निघालेल्या कामगारांची मिनीबस अडवून दहा प्रोटेस्टंटांना गोळ्या घातल्या गेल्या. एकमेव कॅथलिक कामगाराला वेगळे काढून सोडून देण्यात आले. दावा आला तो ‘साउथ आर्मा रिपब्लिकन ॲक्शन फोर्स’ या नावाने. आयआरएने १९७५ च्या फेब्रुवारीत युद्धविराम जाहीर केला होता. उघड सांप्रदायिक हत्याकांड स्वतःच्या नावावर घेणे तिला परवडणारे नव्हते. म्हणजे यूडीएला दुसरे नाव हवे होते ते कायदेशीर दर्जा वाचवण्यासाठी आणि आयआरएला हवे होते ते युद्धविराम आणि प्रतिमा वाचवण्यासाठी. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी माध्यमांना ‘डेक्कन मुजाहिदीन’ या नावाने ईमेल आला, तेव्हा हेतू तिसराच होता. हल्ला देशातूनच उगवला असे भासवून लष्कर-ए-तय्यबा आणि सीमेपलीकडचा धागा झाकायचा होता. नाव कशासाठी घेतले आहे हे आधी ओळखल्याशिवाय त्याच्यावरचा उपाय ठरवता येत नाही.

अडचण

१९७३ नंतरच्या प्रत्येक मंत्र्यापुढे प्रश्न तोच होता. यूएफएफवर बंदी आहे आणि यूएफएफ म्हणजे यूडीए हे माहीत आहे, तर यूडीएवर बंदी का नाही? कॅथलिक समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला एकच उत्तर होते, आणि ते राज्याच्या निःपक्षपातीपणाबद्दलचे होते. आयआरएला एक न्याय आणि यूडीएला दुसरा, ही भावना निव्वळ प्रचारातून आलेली नव्हती. बंदीची यादी कोणालाही वाचता येत होती.

समोर असलेले पर्याय

दोन्ही नावांवर बंदी. तत्त्व म्हणून हाच पर्याय सरळ होता. विरोधातली कारणे व्यवहारी होती आणि ती हलकी नव्हती. हजारोंच्या संघटनेवर बंदी घातली, तर तेवढ्यांना पकडणार कोण आणि ठेवणार कुठे? मे १९७४ मध्ये लॉयलिस्ट कामगारांच्या १४ दिवसांच्या संपाने दोन्ही समाजांचे संयुक्त मंत्रिमंडळ कोसळले. रस्ते अडवण्याचे आणि धाक घालण्याचे काम त्यात यूडीएने केले. आयआरएशी लढणाऱ्या सैन्याला दुसरी आघाडी उघडायची नव्हती. आणखी एक कारण जाहीरपणे बोलले जात नसे. ऑगस्ट १९७३ च्या एका लष्करी गुप्त टिपणात अंदाज होता की, स्थानिक भरतीतून उभारलेल्या अल्स्टर डिफेन्स रेजिमेंटमधले ५ ते १५ टक्के सैनिक लॉयलिस्ट सशस्त्र गटांशी जोडलेले असावेत. यूडीए बेकायदा ठरली असती, तर या माणसांचे काय करायचे ते ठरवावे लागले असते.

फक्त दुसऱ्या नावावर बंदी. हा सर्वात स्वस्त पर्याय होता आणि तोच निवडला गेला. कारवाई केल्याचे दिसते, कोणाला पकडावे लागत नाही.

कोणावरच बंदी नाही, सर्वांना राजकारणात ओढायचे. हा प्रयोग यूव्हीएफवर झाला. मे १९७४ मध्ये तिच्यावरची बंदी उठवली गेली. २ ऑक्टोबर १९७५ या एका दिवसात यूव्हीएफच्या हल्ल्यांत १२ जण मेले. त्यांतले चौघे स्वतःच्याच बॉम्बने मेलेले तिचे सदस्य होते. दुसऱ्याच दिवशी बंदी परत आली. कायदेशीर दर्जा दिल्याने बंदुका खाली ठेवल्या जात नाहीत, हा धडा इथे मिळाला होता. तो यूव्हीएफपुरताच ठेवला गेला.

नावाऐवजी रचनेवर बंदी, म्हणजे अमुक नेतृत्वाखाली चालणारी संघटना, ती कोणत्याही नावाने वावरो. या पर्यायाला आदेशाच्या मसुद्यात जागाच नव्हती. यादी नावांची होती आणि न्यायालयात सिद्ध करायचे ते नाव.

निर्णयाचे टप्पे

टप्पा पहिला, नोव्हेंबर १९७३. वर सांगितल्याप्रमाणे नाव आणि संघटना यांची फारकत सरकारनेच कागदावर मान्य केली. हा निर्णय नंतरच्या प्रत्येक टप्प्याला बांधून ठेवणारा ठरला. एकदा दोन संघटना आहेत असे राज्याने लिहून दिले की, पुढे त्या एक आहेत हे सिद्ध करायचे ओझे राज्यावरच येते.

टप्पा दुसरा, जानेवारी १९८८. माझ्या मते निर्णय बदलायची सर्वात स्वच्छ संधी हीच होती. लेबनॉनमधून आणलेल्या शस्त्रांची वाटणी यूडीए, यूव्हीएफ आणि अल्स्टर रेझिस्टन्स या तीन लॉयलिस्ट गटांत झाली. ८ जानेवारीला यूडीएचा वाटा पोर्टडाउनजवळ गाड्यांतून नेताना पकडला गेला. त्यात ६१ असॉल्ट रायफली, ३० ब्राउनिंग पिस्तुले, १५० हातगोळे आणि ११,००० हून अधिक काडतुसे होती. पकडलेल्यांत यूडीएचा एक बडा माजी पुढारी होता आणि त्याला १९ वर्षांची शिक्षा झाली. एवढी शस्त्रे गल्लीच्या पहाऱ्यासाठी कोणी मागवत नाही. शिवाय माल यूडीएच्या नावाने आणि यूडीएच्या माणसांकडून आला होता. दुसऱ्या नावाचा आडोसा या वेळी नव्हताच. तरीही खटले व्यक्तींवर चालले आणि संघटनेचा दर्जा तसाच राहिला.

टप्पा तिसरा, ऑगस्ट १९८९ पासून. यूएफएफने एका कॅथलिक माणसाला मारले आणि तो आयआरएचा होता हे पटवण्यासाठी सुरक्षा दलांकडून फुटलेली माहिती पत्रकारांपुढे ठेवली. यातून पोलीस अधिकारी जॉन स्टीव्हन्स यांची चौकशी सुरू झाली. त्यांच्या पथकाने हाती आलेल्या कागदांवरच्या बोटांच्या ठशांचा माग काढला आणि जानेवारी १९९० मध्ये यूडीएच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख पकडला गेला. तो लष्कराचा खबऱ्या निघाला. १९९२ च्या सुरुवातीला त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१२ च्या डी सिल्व्हा अहवालात १९८५ चे एक मूल्यमापन उघड झाले. त्यानुसार यूडीएच्या गुप्त माहितीपैकी ८५ टक्के माहिती सुरक्षा दलांकडूनच येत होती. मारायच्या माणसांच्या याद्या यूडीएच्या कपाटात आणि दावे यूएफएफच्या नावाने. या माणसाला सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना दोन्ही नावे एकच आहेत हे बाहेरून कोणी सांगायची गरज नव्हती.

टप्पा चौथा, १९९२. १७ जानेवारीला टीबेन इथे आयआरएच्या बॉम्बने आठ प्रोटेस्टंट कामगार मारले. ५ फेब्रुवारीला बेलफास्टच्या ऑर्मो रोडवरच्या शर्यतीच्या सट्ट्याच्या दुकानात पाच कॅथलिकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतला एक १५ वर्षांचा होता. दावा यूएफएफचा होता आणि त्यात टीबेनची आठवण दिलेली होती. अखेर १० ऑगस्ट १९९२ रोजी मंत्री पॅट्रिक मेह्यू यांनी यूडीएवर बंदी घातली. दिलेले कारण असे की, संघटना प्रत्यक्षात आणि मुख्यतः दहशतवादी गुन्ह्यांतच गुंतली आहे याची त्यांची खात्री झाली होती. ही गोष्ट १९८८ मध्येही तितकीच खरी होती.

परिणाम

हत्या थांबल्या नाहीत. ३० ऑक्टोबर १९९३ रोजी ग्रेस्टील इथल्या एका बारमधल्या गोळीबाराने आठ जणांचा जीव घेतला. त्यात सहा कॅथलिक आणि दोन प्रोटेस्टंट होते. दावा यूएफएफचाच. १९९३ आणि १९९४ या दोन्ही वर्षांत लॉयलिस्टांनी घेतलेले बळी रिपब्लिकनांनी घेतलेल्या बळींपेक्षा जास्त होते.

असे का झाले हे समजायला अवघड नाही. मारेकऱ्यांच्या लहान टोळ्या आधीपासूनच बंदी असलेल्या नावाने काम करत होत्या, त्यांच्यासाठी काहीच बदलले नाही. बंदीचा फटका बसला तो कार्यालय, उघड संचलने आणि जाहीर वर्गणी यांना. बोलणी करण्याची वाटही बंद झाली नाही, कारण यूडीएशी जोडलेला अल्स्टर डेमोक्रॅटिक पार्टी हा पक्ष कायदेशीर राहिला. १९७३ पासून सांगितली गेलेली भीती, म्हणजे बंदी घातली तर संवाद तुटेल आणि रस्त्यावर उठाव होईल, खरी ठरली नाही. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी लॉयलिस्टांनी एकत्रित युद्धविराम जाहीर केला, तो बंदीनंतर दोन वर्षांनी.

नावाचा आडोसा खरा मोडला तो जानेवारी १९९८ मध्ये. शांततेसाठी पक्षांच्या वाटाघाटी सुरू असतानाच कॅथलिकांच्या हत्या झाल्या. पोलीस प्रमुखांनी त्यात यूएफएफचा हात असल्याचे सांगितले आणि यूएफएफलाही ते मान्य करावे लागले. त्याची किंमत यूएफएफने नव्हे, डेमोक्रॅटिक पार्टीने मोजली. हकालपट्टी होण्याआधीच ती वाटाघाटींतून बाहेर पडली आणि फेब्रुवारीच्या अखेरीस परतली. एका नावाच्या कृत्यासाठी दुसऱ्या नावाला जबाबदार धरले जाऊ शकते, हे इथे प्रत्यक्षात घडले. त्याला नवा कायदा लागला नाही. चर्चेच्या मेजावरची खुर्ची हाच दंड होता.

मग तिसरे नाव आले. १९९८ नंतर ‘रेड हँड डिफेंडर्स’ या नावाने दावे येऊ लागले. ते यूव्हीएफमधून फुटलेल्या लॉयलिस्ट व्हॉलंटिअर फोर्सचे लोकही वापरत आणि यूडीएचेही, कारण दोघांनाही युद्धविराम मोडल्याचे दिसू द्यायचे नव्हते. या वेळी सरकारने दाव्यातल्या नावाची वाट पाहिली नाही. १२ ऑक्टोबर २००१ रोजी मंत्री जॉन रीड यांनी यूडीए, यूएफएफ आणि लॉयलिस्ट व्हॉलंटिअर फोर्स यांचा युद्धविराम संपल्याचे जाहीर केले. जानेवारी २००२ मध्ये एका तरुण कॅथलिक टपाल कर्मचाऱ्याची हत्या झाली आणि रेड हँड डिफेंडर्सने दावा केला. काही दिवसांतच यूएफएफने रेड हँड डिफेंडर्सला विसर्जित होण्याचा हुकूम सोडला. जे नाव आपले नाही, त्याला विसर्जनाचा हुकूम कोणी देत नाही.

कायद्याने नावाचा प्रश्न फार उशिरा हाताळला. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्याच्या यादीत ‘आयरिश रिपब्लिकन आर्मी’ असे होते, तिच्यातून फुटलेल्या ‘रिअल आयआरए’चे नाव नव्हते. त्या आधारावर उत्तर आयर्लंडमध्ये आरोपी सुटले. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निकाल दिला की यादीतल्या नावात हा गटही येतो. २००६ च्या दुरुस्तीने मंत्र्याला अधिकार मिळाला की अमुक नाव हे यादीतल्या तमुक संघटनेचेच दुसरे नाव आहे असे आदेशाने जाहीर करावे. १९७३ मध्ये हवे होते ते नेमके हेच कलम. भारताच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या अनुसूचीत काही नोंदी याहून रुंद आहेत. माओवादी पक्षाच्या नोंदीत ‘तिच्या सर्व शाखा आणि आघाडीच्या संघटना’ असे शब्द आहेत. याने पळवाट बुजते, पण उलटा धोका उभा राहतो. कोणती संस्था ‘आघाडीची’ हे ठरवण्याचे निकष लिहिलेले नसतील, तर कायदेशीर काम करणारा माणूसही त्या जाळ्यात सापडतो.

वेगळे काय करता आले असते

१९७३ मध्येच संपूर्ण यूडीएवर बंदी घालायला हवी होती, असे ठामपणे म्हणणे मागाहून सोपे आहे. मे १९७४ च्या संपाचे बळ पाहता त्या वेळच्या मंत्र्याची भीती निराधार नव्हती. पण संघटनेला मोकळे ठेवूनही नावांची फारकत न मान्य करणे शक्य होते. यूएफएफवरच्या बंदीच्या आदेशातच ‘यूडीएच्या वतीने वापरले जाणारे नाव’ असे लिहिले असते, तर यूडीएच्या पुढाऱ्यांना प्रत्येक हत्येनंतर हात झटकता आले नसते आणि पुढच्या मंत्र्यांपुढे संपूर्ण बंदीची पायरी तयार राहिली असती.

दोन नावांमागे एकच संघटना आहे का, हे तपासायला पाच गोष्टी पुरतात : हत्यारे, हुकूम, पैसा, तुरुंग आणि दाव्याची वाट. वेगवेगळ्या नावांनी स्वीकारलेल्या हल्ल्यांतली काडतुसे एकाच बंदुकीची आहेत का? हल्ल्याला परवानगी कोण देतो, खटल्याचा खर्च आणि कैद्याच्या घरचा खर्च कोण उचलतो? कैदी तुरुंगात कोणत्या गटात, कोणाच्या शिस्तीत राहतात? जानेवारी १९९८ मध्ये मंत्री मो मोलम मेझ तुरुंगात गेल्या तेव्हा त्यांनी यूडीए-यूएफएफच्या कैद्यांची एकत्रच भेट घेतली. तिथे दोन गट नव्हतेच. आणि शेवटी, परवलीचा शब्द कोणाचा? या पाचांपैकी हत्यारांचा पुरावा न्यायालयात सर्वात टिकतो. खबऱ्यांकडून आलेला हुकुमाचा पुरावा सर्वात खात्रीचा असतो, पण खबऱ्याला उघडे पाडल्याशिवाय तो मांडता येत नाही. यूडीएच्या बाबतीत हीच गाठ सुटली नाही.

वृत्तपत्रांनी ‘यूएफएफने जबाबदारी स्वीकारली’ एवढेच छापणे बातमी म्हणून खरे होते, पण अपुरे. ‘यूडीए वापरत असलेल्या यूएफएफ या नावाने’ असे लिहायला चार शब्द जास्त लागतात. अनेक वृत्तसंस्थांनी पुढे ते लिहिलेही.

नोंदी ठेवणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. या संघर्षातल्या मृत्यूंच्या प्रचलित सूचीत यूडीए आणि यूएफएफ यांचे आकडे वेगळ्या ओळींत आहेत. दोन्ही मिळून ते अडीचशेच्या पुढे जातात, पण एकच ओळ वाचणाऱ्याला ही संघटना आहे त्यापेक्षा बरीच लहान दिसते. उपाय म्हणून जुने नाव पुसून खरे नाव घालणेही बरोबर नाही, कारण त्या दिवशी कोणते नाव का घेतले गेले हा स्वतःच पुरावा असतो. प्रत्येक मृत्यूसाठी चार रकाने ठेवावेत : दाव्यातले नाव, दावा कसा आला, पोलिसांनी ठरवलेली संघटना, आणि न्यायालयाचा किंवा चौकशीचा निष्कर्ष. प्रत्येकापुढे तारीख.

किंग्जमिलची नोंद या पद्धतीने अशी होते. जानेवारी १९७६ : दावा साउथ आर्मा रिपब्लिकन ॲक्शन फोर्सचा, आयआरएचा इन्कार. २०११ : जुन्या प्रकरणांच्या तपास पथकाचा निष्कर्ष, कृत्य आयआरएचे. एप्रिल २०२४ : मृत्यू-चौकशी न्यायाधीशांचा निष्कर्ष, आयआरएने केलेला उघड सांप्रदायिक हल्ला, आणि तयारी आदल्या रात्रीच्या कॅथलिकांच्या हत्यांच्या बऱ्याच आधीपासूनची. शिक्षा : कोणालाही नाही.